मकाई गेटपासून उजवीकडं

आमच्या फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात. कुणी मागितलेल्या नसतात, फेकवत नाहीत, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या धबाधब अंगावर येतात. रविवारच्या फेरीचे किस्से माझ्याकडं तसेच साठलेत. परवा दुकानात एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "मॅडम, ते जुने दरवाजे दाखवत फिरतात त्यात तुम्ही असता ना?" झालं. बिचाऱ्याला एका आधार कार्डाची झेरॉक्स काढायला पाऊण तास उभं राहावं लागलं.

तुम्ही बसलेलेच आहात, तर ऐका. आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको.

नाना थोरात मूळचे वैजापूरकडचे, वीज खात्यातून रिटायर झालेले. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत दर रविवारी सकाळी शहागंजच्या घड्याळाखाली उभं राहायचं आणि जो येईल त्याला जुनं शहर पायी फिरवून दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. होळीनंतर आमच्याकडं दगडाला हात लावला तर पोळतो, म्हणून फेरी बंद. सलीमभाईंचं शहागंजातच घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. ते फेरीच्या शेपटीला असतात, मागं राहिलेल्यांना हाकत आणायला. आणि मी ज्योती, टीव्ही सेंटर नावाच्या भागातली झेरॉक्स-स्टेशनरीवाली. माझं काम नानांना थांबवायचं. हे काम तिघांत सगळ्यात अवघड आहे हे मी नानांच्या तोंडावरही सांगते.

चौथ्या शांताकाकू, नानांच्या मिसेस. त्या फेरीला कधीच यायच्या नाहीत. खरं तर सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं, पण ते नंतर.

*

आमच्या फेरीचा एक नियम आहे. मधे जो बोलेल, त्याला बोलू द्यायचं. मग तो कुणी का असेना. हा नियम दूधवाल्यामुळं झाला.

काळ्या दरवाजापाशी नाना रंगात आले होते. तेवढ्यात मोटरसायकलला दोन्हीकडं कॅन लटकवलेला एक दूधवाला कचकन ब्रेक मारून थांबला आणि म्हणाला, "काका, काय बी सांगायले तुम्ही लोकांना. तसं नव्हतं ते."

मी पदर खोचून पुढं झाले. असल्यांना वाटेला लावायची मला सवय आहे. पण नानांनी मला हातानं अडवलं.

"थांब ज्योते. शहर त्याचं बी हाय. बोला राजे."

दूधवाला आधी गडबडला. त्याला भांडायचं होतं, भाषणाची तयारी नव्हती. पण एकदा सुरू झाला तो झालाच. दरवाजा राहिला बाजूला, त्याच्या आजोबांची म्हैस या दरवाजात कशी आडवी अडकली तेच सांगायला लागला. एका बाजूनं आजोबा शेपूट ओढायलेत, दुसऱ्या बाजूनं एक वऱ्हाड खोळंबलंय, नवरदेव घोड्यावर ताटकळलाय. म्हैस अर्धी आत आणि अर्धी बाहेर असतानाच त्याला कॅनमधल्या दुधाची आठवण झाली आणि तो भुर्रकन निघून गेला. आमची पन्नास-साठ माणसं तोंडं उघडी टाकून तिथंच उभी. नानांनी पुढं कितीही इतिहास सांगितला तरी जो तो विचारायला लागला, म्हशीचं काय झालं?

पुढच्या रविवारी त्याच जागी तो हजर. मोटरसायकल नाही, कॅन नाहीत. शर्टाला इस्त्री, केसाला तेल. नानांनी नुसतं तोंड उघडलं तर यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मागच्या बारीला म्हशीचं अर्धंच राहिलं व्हतं."

*

एकदा कोकणातल्या एका बंदराच्या गावाहून रिटायर मंडळी आली. त्यांच्या गावात म्हणे सगळे चढ-उतारच. वर किल्ला, खाली जेटी, मधे दीपस्तंभ, आणि अशी पायी फेरी त्यांच्याकडंही निघते. त्या हिशोबानं ही मंडळी तयारीनं आलेली. जाड तळाचे बूट, हातात काठ्या, टोप्यांना हनुवटीखाली दोरी.

शहागंजच्या सपाट रस्त्यावर उभं राहून त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर पावसकर काकांनी इकडंतिकडं बघितलं. "चढ कुठं सुरू होतो?"

"चढ नाय," नाना म्हणाले.

"मग बंदर तरी?"

नानांचा चेहरा पडला. त्यांच्या शहरात एखादी गोष्ट नाही असं कुणी म्हटलं की ते जिवाला लावून घेतात. म्हणाले, "समुद्र नसंल, पण पाणी हाय. जमिनीच्या पोटातून." आणि त्यांनी नहरीचं सुरू केलं. जुन्या काळी डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी गावात कसं आणलं, कुठं कुठं खेळवलं, सगळं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "शांत ठिकाणी भिंतीला कान लावला ना, तर अजून बी ऐकू येतं."

मग काय. गल्लीतल्या एका जुन्या भिंतीला सगळी मंडळी ओळीनं कान लावून उभी राहिली. आणि खरंच आवाज आला. आधी हळू, मग वाढत वाढत गेला. सगळ्यांनी डोळे मिटले. नानांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मला स्वतःला शहारा आला, खोटं कशाला बोलू.

वरची खिडकी उघडली. "ओ, काय चिकटले भिंतीला सगळे?"

"नहर ऐकायलोत ताई."

"कशाची नहर? माझं वॉशिंग मशीन हाय ते. आत्ता पिळायला लागलंय."

नियम म्हणजे नियम. नाना खाल मानेनं म्हणाले, "बोला ताई." ताईही दिलखुलास. मशीन कसं थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत चालत येतं, मिस्टरांना त्याच्यावर कसं बसून राहावं लागतं, सगळं खिडकीतून सांगितलं. आतून मिस्टर ओरडले, "अजून बसलोय!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पावसकर काकांचा कान मात्र अजून भिंतीलाच. मी म्हटलं, "काका, चला, ते मशीन आहे."

"कळलं गं मला," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले घर सोडून. जरा गाज ऐकू दे."

*

आता काकूंचं सांगते.

आमची फेरी मकाई गेटला संपते. पुलाखाली खाम नदी, पलीकडं बेगमपुरा, गेटाच्या डाव्या हाताला चहाची टपरी. तिथं पोचलो की नाना इतिहास सोडतात आणि स्वतःचं सांगतात.

ते तरुण असताना वैजापूरहून एसटीनं मुलगी बघायला आले. सोबत येणाऱ्या मामाला ऐनवेळी ताप भरला म्हणून एकटेच. अंगात नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. गेटाखाली एक मुलगी भेटली, तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी. नानांनी विचारलं, पवारांचं घर कुठं? मुलीनं जुडीनंच दाखवलं, उजवीकडं. नाना उजवीकडं गेले ते तासभर भटकत राहिले. घर निघालं गेटापासून डावीकडं, इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. आणि आतून पोह्यांचं ताट घेऊन जी आली ती तीच मुलगी. पोह्यांवर तीच कोथिंबीर.

"लाजून गडबडली असंल बिचारी," नाना सांगतात. "पण मंडळी, आमच्या मिसेसला अजून बी डावं-उजवं कळत नाय."

लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि चहाला जातात. पण नाना टाळ्या वाजत असताना पुलाकडं बघत असतात, एखादी रिक्षा थांबतेय का म्हणून. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हे मी तिला समोर बसवून कधी बोललो नाय ज्योते. एकदा तिला इथंच उभं करून, तिच्यासमोर सांगायचं हाय. तिचं तोंड बघायचं हाय मला." एवढी एकच हौस होती त्यांची. आणि काकू काही येत नव्हत्या.

मी स्वतः आमंत्रण घेऊन गेले. काकूंनी मला धपाटे आणि दही वाढलं, समोर मेथीची गड्डी घेऊन निवडायला बसल्या आणि म्हणाल्या, "मी कशाला येऊ? घरी रोज ऐकते. फुकट. आणि बसून."

शनिवार होता. आत नाना दुसऱ्या दिवसाची प्रॅक्टिस करत होते, मोठ्यानं. काकू मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, "आता 'पण मंडळी' म्हणतील."

"पण मंडळी," आतून आवाज आला.

आधी त्यांचे गुडघे दुखायचे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, काकू घोड्यासारख्या चालायला लागल्या. मग ऊन लागतं. मग रविवारी भिशी. मग म्हणे माझा जन्मच तिकडचा, मला हे काय दाखवणार. बाई हुशार, दर खेपेला मी तोंड उघडायच्या आत आणखी एक धपाटा वाढायच्या.

*

फर्दापूरचे एक गाईड नानांचे दोस्त. आयुष्य अजिंठ्याच्या लेण्यांत गेलेलं. एका रविवारी नानांनी त्यांना मानानं बोलावलं आणि म्हणाले, रंगीन दरवाजा आज तुम्ही दाखवा.

माणूस तयारीचा, आवाज गोड. पण सवय ती सवय. भर उन्हात दरवाजासमोर उभं राहून त्यांनी आधी खिशातून टॉर्च काढला आणि दगडावर मारला. मग आवाज एकदम कुजबुजल्यासारखा केला. मागच्या रांगेला काही ऐकू येईना. आणि मग म्हणाले, "मंडळी, चपला-बूट इथंच काढून ठेवा. फ्लॅश मारू नका."

तुम्हाला सांगते, एकानंही का म्हणून विचारलं नाही. शिकलीसवरलेली माणसं, भर रस्त्यात बूट काढून उभी. मोजे काढून बुटात कोंबले. नाना बघतच राहिले, पण पाहुण्याला बोलायचं कसं, म्हणून त्यांनीही स्वतःच्या चपला काढल्या. सगळी वरात तळपाय पोळत, उड्या मारत दरवाजाखालून पलीकडं. सलीमभाई अलीकडं चपलांच्या ढिगाची राखण करत.

तेवढ्यात एक स्कूटरवाला आला. हे सगळं बघून थांबला, गुपचूप चपला काढल्या, पाय ठेवायच्या जागेत ठेवल्या आणि अनवाणी स्कूटर चालवत दरवाजातून पार झाला. पलीकडं मी त्याला अडवलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही कशाला काढल्या?"

"काय माहीत," तो म्हणाला. "समदे काढायले म्हणून काढल्या. काय हाय आत?"

*

याच सीझनचा हा. नाना त्या दिवशी इतके लांबले की सिटी चौकाच्या अलीकडंच दुपार झाली. लोक भुकेनं कासावीस. वाटेत एका शादीखान्यापुढं मांडव, आतून नान-खलियाचा वास. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, आमच्या शहरात त्याच्या वासानं चालता माणूस उभा राहतो. दारात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ प्रत्येकाला "आइए, आइए" करत होते. नानांचं बोलणं ऐकत मी पुढं चालत राहिले. मागं वळून बघते तर आमचे निम्मे लोक गायब.

"सलीमभाई, आत जाऊन घेऊन या त्यांना."

सलीमभाई गेले. आलेच नाहीत. थोड्या वेळानं मी गेले. त्या दिवशी पुण्याहून फेरीला आलेली आठ-दहा मुलं-मुली पंगतीत बसलेली, शेजारी सलीमभाई, हातात नान.

"सलीमभाई!"

"ज्योती बहन, क्या करूं? मेजबान ने कसम डाली."

ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणजे नवरीचे वडील. त्यांना वाटलं, ही माणसं नवऱ्या मुलाकडची. त्यांना मी सगळं खरं सांगितलं तर रागवायचं सोडून म्हणाले, "तो बुजुर्ग बाहर धूप में क्यूं खडे हैं?" आणि स्वतः जाऊन शाकाहारी नानांना हाताला धरून आत आणलं, गोड भात खायला घातला आणि स्टेजवर बसवलं. वर माईक हातात दिला, दोन शब्द दुवा द्या म्हणून.

नानांच्या हातात माईक. मी कपाळाला हात लावला. नाना त्या जागेपासून सुरू झाले. इथं आधी काय होतं, त्याच्या आधी काय होतं, पाणी कुठून यायचं. पाहुण्यांनी सुरुवातीला वाहवा केली. मग चुळबुळ सुरू झाली. बाहेर फुलांनी सजवलेली गाडी हॉर्न द्यायला लागली.

शेवटी नवरीचे वडील स्टेजवर आले, नानांच्या कानाशी वाकले. माईक चालू होता, सगळ्या मांडवानं ऐकलं. "चाचा, निकाह हो गया. अब दुल्हन को घर जाने दो."

*

आणि याच नानांचा आवाज गेला.

संक्रांतीनंतर घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. घाबरायचं कारण नाही, पण बोलणं बंद. नानांनी खुणांनी, हातापाया पडून, फक्त रविवारची परवानगी मागितली. डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत, तेही आठवडाभर घरात एक शब्द बोलला नाहीत तर. होळीनंतर ऑपरेशन, आणि मग भाषणं विसरा.

म्हणजे सीझनची शेवटची फेरी ती नानांची शेवटची. पुढच्या दिवाळीपासून मी बोलायचं असं ठरलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, इतकी वर्षं त्यांना थांबवत आले. पण रडूच आलं.

एक दिवस दुकानात काकूंचा फोन. "ज्योती, घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कुणी बोलत नाय गं."

मी म्हटलं, "सुटलात की काकू. कान किटले होते तुमचे."

"व्हय." मग म्हणाल्या, "मेथी निवडायला लई वेळ लागायलाय आजकाल."

मी लगेच संधी साधली. "काकू, शेवटची फेरी आहे. या ना. एकदाच."

"पुढच्या वर्षी तू बोलणार ना? तवा येईन. लवकर तरी संपंल," म्हणाल्या आणि ठेवून दिला फोन. मी नानांना हे काही सांगितलं नाही.

*

शेवटच्या रविवारी गर्दी झाली. दूधवाला आला, इस्त्रीच्या शर्टात. वॉशिंग मशीनवाल्या ताई मिस्टरांना घेऊन आल्या. नानांचा आवाज म्हणजे पॉलिश पेपर लाकडावर घासावा तसा, पण गडी थांबत नव्हता. मी पण त्या दिवशी एकदाही थांबवलं नाही. मागं सलीमभाईंच्या शेजारी एक बाई दिसत होत्या. आमच्याकडं बायका उन्हाच्या बांधतात तसा तोंडाला गच्च स्कार्फ, डोळ्याला गॉगल, पायात पांढरे बूट. असतील पुण्याच्या कुणी, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मकाई गेटला आलो. नानांनी पुलाकडं बघितलं. एक रिक्षा आली, न थांबता निघून गेली. "नाय आली," ते माझ्या कानाशी म्हणाले. मग लोकांकडं वळले आणि सुरू केलं. एसटी, नवा शर्ट, पेढ्यांचा पुडा, कोथिंबिरीची जुडी. "मी विचारलं, पवारांचं घर कुठं? तर मुलीनं..."

आणि आवाज संपला. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा. मी पाण्याची बाटली दिली. एक घोट घेतला, परत प्रयत्न केला. काही नाही. इतक्या लोकांसमोर नानांचे डोळे भरले. मला बघवेना. किस्सा मला तोंडपाठ, पुढचं मी सांगावं म्हणून मी घसा साफ केला.

"उजवीकडं."

आवाज मागून आला होता. सगळ्यांच्या माना वळल्या. स्कार्फवाली बाई पुढं येत होती.

"मुलीनं उजवीकडं दाखवलं. बोलू का मी? इथं मधे बोललं की बोलू देतात म्हणं."

"रूल है," सलीमभाई म्हणाले. त्यांना सकाळपासून सगळं माहीत होतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. "बोलो भाभी."

काकूंनी गॉगल काढला, स्कार्फ सोडला. नानांचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. मी रडत होते म्हणून मला नीट दिसलं नाही.

"पहिली गोष्ट," काकू म्हणाल्या, "मी लाजले-बिजले काय नव्हते. आणि डावं-उजवं मला चांगलं कळतं. मुद्दाम पाठवलं मी यांना तिकडं."

दूधवाला गर्दीतून पुढं सरकला.

"त्या साली मला बघायला सारखं कुणीतरी यायचं. येणारा पाव्हणा गेटापाशीच पत्ता विचारणार. मग मी कोथिंबिरीचं निमित्त करून आधीच इथं येऊन थांबायची. विचारलं की दाखवायची उजवीकडं. यांच्या आधी तिघं गेले तिकडं. एक बी परत आला नाय. उन्हात दोन चकरा झाल्या की सरळ एसटी स्टँड. आमचे बाबा म्हणायचे, आजकालचे पाव्हणे लई मिजासखोर झाले."

दूधवाल्यानं विचारलं, "मंग नाना?"

"हे आले. तासाभरानं. शर्ट घामानं ओला, पेढ्यांचा चुरा. बाबांनी विचारलं, घर सापडायला त्रास झाला का? तर म्हणाले, त्रास कसला, एका मुलीनं चुकीची वाट सांगितली, पण बरंच झालं, दोन दरवाजे बघून झाले. आणि मग बाबांना त्या दरवाजांचंच सांगत बसले. मी पडद्यामागं ताट धरून उभी. पोहे थंड झाले, हात भरून आले, यांचं चालूच. तवाच म्हटलं, ह्याला आता आणखी फिरवायचं कारण नाय."

लोक हसले, पण हळू. काकू नानांकडं वळल्या. "तवापासून ऐकायले. आता घरात आवाज नाय, म्हणून आले इथं. उभी राहून."

नानांनी काहीतरी म्हटलं, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. वॉशिंग मशीनवाल्या ताईंनी तर काकूंना मिठीच मारली. सलीमभाई चष्मा पुसत होते.

"चला, चहा पिता ना सगळे?" काकूंनी स्कार्फ परत बांधला, हात वर केला आणि दाखवलं. उजवीकडं.

टपरी डावीकडं. मी म्हणायलाच लागले होते, "काकू, टपरी तर..." तर सलीमभाईंनी माझा दंड धरला.

नाना उजवीकडं चालायला लागले होते.